कार्टूनच्या आधी अत्तम्मा बोलल्या

या कॉलममधले अनुभव मी आजवर दुपारच्या चहाबरोबर, हसायला म्हणून वाचत आले. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. भूतबित, संकेतबिंकेत... अजिबात नाही. (पाल चुकचुकली की टेबलावर टकटक करते, पण ती सवय. तिचा श्रद्धेशी काही संबंध नाही, असं मी स्वतःला सांगते.) त्यामुळे आज लिहायला बसताना जरा ओशाळल्यासारखं होतंय.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझं माहेर वैरागचं, सासर तेलुगू. इतकी वर्षं झाली तरी माझं तेलुगू ऐकून सासूबाई — म्हणजे अत्तम्मा — तोंडाला पदर लावायच्या. त्यांनी जन्मभर घरी विड्या वळल्या. मांडीवर तंबाखू-पानांचं सूप, हात चालू आणि तोंडही चालू.

आमच्या ह्यांच्या लहानपणी गल्लीत एकच टीव्ही होता. त्यावर एक जुनी इंग्रजी मालिका लागायची. अवकाशयान, त्याचा कॅप्टन आणि कधीही न हसणारा एक लांबकान्या अधिकारी. इंग्रजी गल्लीत कुणालाच कळत नसे. मग अत्तम्मा उंबऱ्यावर विड्या वळता वळता, मान वर न करता, सगळ्यांचे संवाद तेलुगूत स्वतःच म्हणायच्या. पोरं टीव्हीपेक्षा त्यांच्यासाठीच जमायची म्हणे. ह्यांनी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितलीय की सुरुवात झाली की मी कुकर बघायला उठते.

गेल्या वर्षी अत्तम्मांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गिळण्यात अडचण नाही, खायला हरकत नाही. पण अत्तम्मा तोंडच उघडेनात. आम्ही काळजी घेण्यात कमी पडलो नाही. मऊ भात, पातळ पप्पू — म्हणजे आपलं वरण — पहिलं त्यांना, गरम गरम, मग बाकीचे. त्या वाटीकडे बघायच्या, माझ्या मुलीकडे, तेजूकडे बघायच्या आणि भिंतीकडे तोंड फिरवायच्या. सलाईनवर किती दिवस काढणार? शेवटी डॉक्टर म्हणाले, रविवारपर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी घालू. रिक्षावाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणाशीही वाद घालणारे आमचे हे त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन एवढंच म्हणाले, "नळी घातली की अम्मा परत उठत न्हाय बघ."

शनिवारी माझी सकाळची शाळा. घरी आले तर तेजू अत्तम्मांच्या कॉटला टेकून कार्टून बघत होती. नवा एपिसोड, आठवडाभर त्याची जाहिरात चालू होती. एका जाड्या बोक्याचं नि त्याच्या दोस्तांचं हे कार्टून हिंदीत लागतं. त्या दिवशी त्यांनी नेमकी त्या जुन्या अवकाशयानाच्या मालिकेची टर उडवली होती. तेच घट्ट कपडे, तेच आपोआप सरकणारे दरवाजे... फक्त इथला दरवाजा दर वेळी कॅप्टन बोक्याच्या नाकावर आपटायचा. आणि लांबकान्या अधिकारी म्हणून चक्क एक गाढव. मीही वाटी-चमचा हातात धरून हसत उभी. हे कामावरून आलेले, चप्पल काढता काढता दारातच थांबले. अत्तम्मा नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून.

मग यानाचं इंजिन बंद पडलं. सगळे सैरावैरा. कॅप्टननं गाढवाला विचारलं, "अब क्या करें?" गाढवानं कान खाजवला... आणि कॉटवरून आवाज आला.

"मुंदु पिल्ललकु अन्नं पेट्टु. चुक्कलु एक्कडिकी पोवु."

जड, अडखळता आवाज, पण माझ्यासारखीलाही कळावं इतका स्पष्ट. आधी पोरांना जेवायला घाल, चांदण्या कुठं जात नाहीत.

आम्ही तिघंही वळून बघतोय, तोवर मागून गाढव म्हणालं, "पहले बच्चों को खाना खिलाओ. तारे कहीं भागे नहीं जा रहे."

तेजू म्हणाली, "मम्मी, त्यानं नानम्माचं कॉपी केलं." (नानम्मा म्हणजे आजी.) ह्यांनी नंतर सांगितलं — गल्लीत यान संकटात सापडलं की अत्तम्मा लांबकान्याच्या तोंडी हेच वाक्य घालायच्या. जेवणवेळ झालेली असायची नि पोरं टीव्हीपुढून उठायची नाहीत, म्हणून.

पण तेव्हा मला यातलं काहीच सुचत नव्हतं, कारण अत्तम्मांचा डावा हात माझ्या हातातली वाटी ढकलत होता. तेजूकडे. मग कुठं या विज्ञानाच्या बाईच्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई पोरांच्या आधी कधी जेवली नव्हती. आणि आम्ही पेशंट म्हणून, शाळेतून आलेल्या भुकेल्या पोरीच्या देखत, पहिला घास त्यांना भरवायला बघत होतो.

"आधी तू खा," मी तेजूला म्हटलं. तिनं दोन घास खाल्ले, मीठ कमी आहे म्हणून तक्रारही केली. पुढचा चमचा मी अत्तम्मांकडे नेला. त्यांनी तोंड उघडलं.

नळी घालावी लागली नाही. काय केलंत, असं डॉक्टरांनी विचारलं, तर जेवायची पाळी बदलली एवढंच मी सांगितलं. बाकीचं सांगायचं धाडस झालं नाही.

ते बाकीचं अजून सुटलेलं नाही. मी मोबाइलवर तो एपिसोड शोधून परत पाहिला. हिंदीत ते वाक्य आहे. मूळ इंग्रजीत त्या जागी गाढव इंजिनाबद्दल काहीतरी बडबडतं. ह्यांचं म्हणणं, "आमच्या गल्लीतलाच कोणतर डबिंगला गेला असंल की." असेल. लहानपणी ऐकलेलं त्यानं घातलं असेल. पण नवा एपिसोड, तोंड भिंतीकडे, आणि अत्तम्मा आधी कशा बोलल्या? जुनी आठवण जागी झाली म्हणावं, तर नेमकी त्याच क्षणी?

पुढं त्यांना थोडं थोडं बोलता यायला लागल्यावर मी विचारलंच, "अत्तम्मा, तुम्हाला आधी कसं कळलं?"

त्या माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिल्या. मग माझ्यासाठी मराठीत म्हणाल्या, "मी कुटं बोलले? ते गाढव बोललं की."

आता त्यांचं ताट सगळ्यात शेवटी वाढते. त्या पूर्ण जेवतात. माझ्याकडे उत्तर नाही, याची मास्तरीण म्हणून थोडी लाज वाटते... आणि खरं सांगू, शोधायची फारशी घाईही नाही.