लिफ्टवाले भावोजी आणि खाटेतले साहेब

आमच्या भावोजींनी आयुष्यभर एकच काम केलं, ते म्हणजे बटण दाबणं. एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत ते लिफ्टमन होते. सुरुवातीला तिथे जुनी लिफ्ट होती, जाळीचं दार, पितळी दांडा, त्यामुळे त्या कामाला निदान मनगट तरी लागत असेल. पुढे बटणांची नवी लिफ्ट आली. दार आपलं आपण लागतं, आपलं आपण उघडतं, शाळकरी पोराने चालवावी अशी. पण भावोजींची नोकरी काही गेली नाही. कोपऱ्यात स्टूल टाकून ते बसायचे आणि धडधाकट माणसांना विचारायचे, "साहेब, कितवा मजला?" एखाद्या साहेबाने चुकून बोट पुढे केलंच, तर हे लगबगीने मध्ये हात घालायचे. एकदा मी गेले होते तेव्हा मलाही म्हणाले, "राहू दे, राहू दे, तुला नाही जमायचं." मी कोटाला बाह्या बसवणारी बाई. आणि मला बटण नाही जमायचं!

निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. यांनी घड्याळ नको म्हणून सांगितलं आणि ते स्टूल मागून घेतलं. आता बोला.

माझी थोरली बहीण या गृहस्थांच्या पदरात पडली. ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण होती तोवर तिला यांनी दाराची कडीसुद्धा स्वतः काढू दिली नाही. लोक कौतुकाने म्हणायचे, "किती जपतात हो बायकोला!" मी म्हणायची, जपतात कसले, लुडबुड करतात. मुलीचीही तीच गत. तिला सायकल शिकवायला म्हणून मागून सीट धरून धावले, धावले, आणि सीट काही सोडली नाही. घामाघूम होऊन घरी आले आणि सांगतात कसे, "पोरगी झकास चालवते." माझी ही भाची आज एका मुलाची आई आहे, पण सायकलवर बसली की आधी मागे वळून बघते.

भावोजींच्या राहत्या इमारतीत तळमजल्यावर मी शिवणाचं दुकान चालवते, ते वर राहतात. त्यामुळे दिवसातून एकदा तरी ते दुकानात डोकावणार आणि विचारणार, "धाकटे, दोरा ओवून देऊ?" माझे डोळे अजून शाबूत आहेत. "तुमचा दोरा तुमच्यापाशीच ठेवा," हे माझं उत्तर ठरलेलं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

भाचीचा नवरा जहाजावर असतो, वर्षातला बराचसा काळ पाण्यातच. त्यामुळे मूल झाल्यावर ती बापाकडेच राहिली आणि रजा संपल्यावर इथूनच कामावर जायला लागली. औषधं तपासायच्या प्रयोगशाळेत आहे ती, हुशार आहे, ताईवर गेली आहे. दिवसभर बाळ आजोबांकडे. नातवाला भावोजी "साहेब" म्हणतात. उभ्या आयुष्यात तोच एक शब्द जिभेवर बसलेला, दुसरं काय म्हणणार?

साहेबांची दुपारची झोप हा एक सोहळाच होता. भावोजी त्यांना डाव्या हातावर घेणार, उजव्या हाताने थोपटणार आणि कानाशी पुटपुटणार, "साहेब, कितवा मजला? पहिला मजला, टपाल. दुसरा मजला, हिशेब. तिसरा मजला, भांडार…" सहाव्या-सातव्या मजल्यापर्यंत साहेबांचे डोळे मिटायचे. पण खाली ठेवायला गेलं रे गेलं की भोंगा सुरू. मग दुपारभर हे बाळाला हातावर घेऊन बसलेले. ना जेवण, ना पाणी, ना पाय मोकळे करणं. संध्याकाळी जो भेटेल त्याला सांगायचे, "काय करू, माझ्याशिवाय झोपतच नाही हो!" वरून तक्रारीचा आव, आतून नुसत्या उकळ्या फुटतायत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अशात भाचीला दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेने विभागप्रमुखाची जागा देऊ केली. त्याच शहराच्या बंदराला नवऱ्याचं जहाज लागतं, म्हणजे तिघं एका छपराखाली राहण्याचा पहिल्यांदाच योग येत होता. प्रयोगशाळेच्या आवारातच पाळणाघर होतं. ती जाऊन बघून आली. नाव पाळणाघर, पण पाळणा एकही नाही, ओळीने कठड्यांच्या खाटा. तिथल्या बाई रोखठोक होत्या. "मूल खाटेत आपलं आपण झोपत असेल तरच आणा," म्हणाल्या, "आम्ही दोघी आणि पोरं ही एवढी. कडेवर घेणार तरी कुणाकुणाला?"

त्या संध्याकाळी भाची आम्हा दोघांना म्हणाली, "बाळ खाटेत झोपायला शिकला तर जाईन. नाही तर नाही म्हणून कळवते. तो तिकडे रडत असताना माझं कामात लक्ष लागायचं नाही."

मी भावोजींकडे बघितलं. मला वाटलं, यांच्या मनासारखं झालं, आता पेढे वाटायचेच बाकी ठेवतील. तर म्हणतात, "त्यात काय, मी शिकवतो." ओठांत धरलेली टाचणी मी गिळणारच होते.

खाट आणली. शेजाऱ्यांची, त्यांच्या मुलीची, लाकडी कठड्यांची. पाळण्यासारखी झुलत नाही, ढिम्म उभी. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं तशी आत नुसती घट्ट गादी. ना उशी, ना दुलई, ना खेळणी. बाळाला पाठीवर झोपवायचं. भावोजींनी खोलीचा पडदा ओढला, दार लावून घेतलं आणि फर्मान काढलं, "दुपारी आत कुणी यायचं नाही. सवय मोडेल." सुट्टीच्या दिवशी भाचीलासुद्धा बाहेर बसवायचे. आईचा वास आला की तो उठतो, म्हणे. पहिले काही दिवस आतून रडणं ऐकू यायचं. मग ते थांबलं. भावोजी आतूनच दिमाखात कुजबुजले, "शिकले साहेब!" भाचीने दाराच्या फटीतून पाहिलं तर खरंच, भावोजींच्या पाठीपलीकडे बाळ खाटेत, हात वर टाकून गाढ. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच दिवशी तिने प्रयोगशाळेला होकार कळवला.

मलाही खरंच वाटलं, हे मुद्दाम सांगते. मनात म्हटलं, चला, जन्मात एक तरी काम धड केलं.

मग एका दुपारी मला मोठी कात्री हवी होती. ती भावोजींकडे राहिली होती. भाची कामावर. मी वर गेले, हाक मारली, उत्तर नाही. दार हळूच लोटलं. आत आमचे हे महाशय स्टुलावर, अर्धे वाकून, गाल कठड्याला चिकटवून बसलेले. एक हात कठड्यातून कोपरापर्यंत आत, तळवा बाळाच्या पाठीखाली सरकवलेला. ओठ हलतायत, "पाचवा मजला, दुरुस्ती. सहावा मजला…" साहेब केव्हाच झोपलेले. भावोजींच्या गालावर लाकडाचे वळ उठले होते, हात बधिर झाला असणार, पण तोंडावर समाधान असं की बघवेना. मला बघून दुसऱ्या हाताने खूण केली, शू!

मी त्यांना दंडाला धरून स्वयंपाकघरात आणलं. हात निघताच आत साहेबांचा भोंगा सुरू झाला. त्यांना खांद्यावर घेऊन भावोजी ओट्याशी उभे राहिले आणि मी तोंड सोडलं.

"हे शिकवलंत? रोज हेच?"

"हळूहळू काढणारच होतो हात."

"कधी? ती गेल्यावर? तिकडे पाळणाघरात कोण हात घालून बसणार आहे? पहिल्याच दिवशी हा रडून आकांत करेल. ती चार दिवस तग धरेल आणि नोकरी सोडून बोचकं घेऊन परत येईल."

भावोजी बाळाची पाठ थोपटत राहिले.

"तेच हवंय ना तुम्हाला?" मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "वाटलं, येईल परत."

मी त्या माणसाला आयुष्यात पुष्कळ नावं ठेवली आहेत, पण इतकी चीड कधी आली नव्हती. प्रेमाच्या नावाखाली पोरीच्या पायात पाय घालायचा, आणि वर ती पडली की आपणच उचलायला धावायचं! माझ्या ताईचं सगळं आयुष्य डोळ्यांपुढून गेलं. ती पत्र टाकायलासुद्धा कधी एकटी गेली नाही. मी बजावलं, "आज संध्याकाळी तुम्ही तिला सांगायचं. नाही तर मी सांगेन, आणि माझी जीभ तुम्हाला माहीत आहे."

सांगितलं त्यांनी. मान खाली घालून, शर्टाचं बटण पिळत. मी दारात उभी होते, पळून जाऊ नयेत म्हणून. भाची भांडेल, रडेल असं मला वाटत होतं. ती उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजायला लागली.

"अजून दिवस आहेत, बाबा," शेवटी म्हणाली. "तुम्हीच शिकवा त्याला. पण या वेळी सोडायचं."

दुसऱ्या दिवसापासून खरी शाळा सुरू झाली. दार उघडं आणि मी पहाऱ्याला, माझं शिवण घेऊन बाहेरच्या खोलीत. बाळ जागं असतानाच खाटेत ठेवायचं. रडलं तर छातीवर हात ठेवायचा, शांत झालं की काढायचा. मजलेही कमी करायचे. सातव्यापर्यंत जाणारी लिफ्ट आधी चौथ्यावर थांबली, मग दुसऱ्यावर. स्टूल रोज थोडं दाराकडे सरकवायचं. सरकवताना भावोजींचा चेहरा असा, की कुणी त्यांचं राज्य खालसा करतंय. "आज राहू दे का तिथेच?" रोज विचारायचे. "सरकवा," मी रोज म्हणायची. एकदा तर मी पाणी प्यायला उठले तेवढ्यात स्टूल पुन्हा खाटेला टेकलेलं! मी खडूने जमिनीवर रेघ मारली. शिंप्याचा खडू, सहज निघत नाही.

स्टूल उंबऱ्याबाहेर आलं त्या दिवशी साहेबांनी घर डोक्यावर घेतलं. भावोजी आत गेले, हात ठेवला, बाळ शांत झालं, हे बाहेर आले, पुन्हा तोच प्रकार. असे किती हेलपाटे झाले कोण जाणे. शेवटी तर तो असा कळवळून ओरडला की माझ्याच्याने राहवेना. हातातलं शिवण टाकून मी उठले, "जाऊ दे मेलं ते शिक्षण," म्हणत दाराकडे निघाले. तर भावोजी दारात आडवे.

"थांब," म्हणाले. "पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे. हे रागाचं रडणं आहे. आत्ताच जाऊन आलो ना मी? त्याला माहीत आहे आपण इथे आहोत."

"अहो, पण…"

"धाकटे, बस खाली."

मला! मी चरफडत बसले. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले होते, एकमेकांत अडकवून, जसं काही सोडले तर आपणहून आत जातील. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही हात मोकळे नव्हते. आतलं रडणं हळूहळू कुरकुरीवर आलं, मग स्वतःशीच बडबड, मग चोखल्याचा आवाज. अंगठा सापडला असावा. मग काहीच नाही. मी डोकावून पाहिलं, साहेब झोपले होते. आम्ही दोघं परीक्षेत कसेबसे पास झालेल्या पोरांसारखे एकमेकांकडे बघत बसलो. माझा मात्र राग गेला नव्हता. मला बस म्हणाले होते ते.

निघायच्या दिवशी शेजाऱ्यांना परत द्यायची खाट भाचीने स्वतः सुटी केली. भावोजी पाना घेऊन पुढे सरसावले, मग थबकले आणि पाना तिच्या हातात दिला. तिला एक बोल्ट निघता निघेना. हे बाजूला उभे राहून घाम पुसत होते, तिच्यापेक्षा जास्त यांनाच फुटला होता. तो बोल्ट शेवटी तिनेच काढला.

तिकडून फोन आला तेव्हा मी वरच होते, सुईदोरा हातात. भाचीचा आवाज आनंदाने चिरकत होता. "बाबा, पाळणाघरातल्या बाईंनी विचारलं, याला झोपताना काय लागतं? थोपटायचं, गाणं, काय? मी म्हटलं, काही नाही. खाटेत ठेवा, झोपेल. आणि झोपला, बाबा! त्या म्हणाल्या, असं मूल बघितलं नाही."

"वा, वा," भावोजी म्हणाले. "छान झालं." पोरीला जेवणखाण विचारलं, जावयाला विचारलं आणि फोन ठेवला.

मग ते स्टुलावर बसले. "काही नाही म्हणाली," मला म्हणाले.

"मग? तेच शिकवलंत ना?"

"हो," म्हणाले. "तेच शिकवलं." आणि दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून बसून राहिले.

माझ्या जिभेवर काहीतरी झणझणीत आलं होतं. ते मी गिळलं. त्या रिकाम्या हातांकडे बघून मलाच रडू आलं, आणि या माणसामुळे यावं याचा मला भयंकर राग आला.

"दोरा ओवून देऊ?" त्यांनी सवयीने विचारलं.

माझे डोळे अजून शाबूत आहेत. मी सुई त्यांच्या हातात दिली. ओवायला किती वेळ लावला ते विचारू नका.