पाठवणाऱ्याचं नाव

शेपू चिरताना बोटांना जो गंध लागतो, तो साबणाला दाद देत नाही. हिरवा, उग्र, किंचित बडीशेपेच्या वळणावर जाणारा तो दर्प दुपारपर्यंत हाताशी रेंगाळतो, आणि ढेकरेबरोबर पुन्हा हजेरी लावतो हे खाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको! पुण्यात होते तोवर शेपूची जुडी दिसली की मी नाक मुरडत असे. नॉटिंगहॅमला आल्यावर मात्र त्याच शेपूसाठी जीव टाकू लागले. हातचं नाकारावं आणि दुरावलेल्यासाठी झुरावं, हा मनुष्यस्वभाव कुणाला चुकला आहे?

ऐंशीच्या दशकातली, मे महिन्यातली सकाळ होती. यजमान हॉस्पिटलात ड्यूटीवर गेलेले, लेक मृणाल शाळेत. दोरीवर कपडे वाळत घालताना कुंपणापलीकडून तोच गंध आला आणि मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. शेजारच्या वेराबाई वाफ्यात वाकल्या होत्या. साठी उलटलेल्या, डोक्याला रुमाल, एकट्या राहणाऱ्या. मोज्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. त्या पोलिश आहेत एवढंच गल्लीला ठाऊक होतं. मी त्या झुडपाकडे बोट दाखवून नाव विचारलं, आणि बेसावधपणे त्या रशियन शब्द बोलून गेल्या.

तो शब्द मला येत होता! माझे वडील, अण्णा, पुण्यात कारकुनी करता करता कामगार संघटनेचं काम करणारे, लाल ताऱ्यावर निस्सीम श्रद्धा असलेले गृहस्थ. उद्याचं जग ज्या भाषेत बोलेल ती मुलीला आलीच पाहिजे, म्हणून त्यांनी मला दोन वर्षं रशियनच्या वर्गाला धाडलं होतं. ती पोपटपंची इतक्या वर्षांनी कामी येतेय या आनंदात मी पाठ्यपुस्तकातलं अभिवादन खणखणीत आवाजात म्हटलं, ‘सुप्रभात, कॉम्रेड!’ वेराबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दोन दिवस बाहेर आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी आमच्या पायरीवर शेपूची जुडी होती, आणि जुडीमागे त्या स्वतः. मी मूगडाळ घालून भाजी केली, त्यांनी ती उकडलेल्या बटाट्याबरोबर खाल्ली आणि मग, बशी पुसता पुसता, तुकड्यातुकड्यांनी हकीकत सांगितली. त्या मूळच्या रशियन, स्मोलेन्स्क शहराकडच्या खेड्यातल्या. वडलांच्या गोठ्यात दोन गाई होत्या; सरकारच्या लेखी तेवढ्यानेच ते धनदांडगे ठरले. एका सकाळी त्यांना नेलं, ते परत आले नाहीत. पुढे युद्धात जर्मनांनी सतरा वर्षांच्या वेराला वेठीला धरून नेलं. युद्ध संपलं, पण जे परत गेले त्यांना शत्रूची चाकरी केली म्हणून छावण्यांत डांबल्याच्या बातम्या आल्या. ही पोर कागदोपत्री पोलिश झाली आणि इंग्लंडच्या बोटीत बसली.

मागे राहिली धाकटी बहीण, नीना. तिला एक ओळही धाडायची नाही असं वेराबाईंनी ठरवलं, आणि चाळीस वर्षं पाळलं. का? तर तिकडे नोकरीच्या प्रत्येक अर्जात एक प्रश्न असे: परदेशी कुणी नातेवाईक आहेत का? नीनाला ‘नाही’ लिहिता यावं, म्हणून ही बाई जिवंतपणी मेली! मी दर रविवारी अण्णांना हवाईपत्र लिहीत असे. पावसापाण्याच्या चार ओळी, मृणालचे दात, आणि पाठवणाऱ्याच्या जागी घाईत खरडलेलं ‘सौ. सुलभा’. ते खरडणं म्हणजे केवढं ऐश्वर्य आहे, हे मला त्या दुपारी उमगलं आणि माझे डोळे भरून आले.

मग तिकडची दारं किलकिली झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. वेराबाईंचा विश्वास नव्हता. पण एका सकाळी त्या युक्ती घेऊन आल्या. भारत आणि रशिया मित्र. तेव्हा एका भारतीय गृहिणीने, रशियन शिकलेल्या, एका रशियन बाईला शेपूच्या बियांबद्दल पत्र लिहिलं तर कुणाच्या डोळ्यांवर येईल? यजमान हसले. ‘‘अगं, एम्बसीत कुणी फाइल उघडली तर काय सांगशील? शेपूच्या भाजीसाठी केलं म्हणून?’’ मृणालचे डोळे मात्र बशीएवढे झाले होते. ‘‘आई, तू सीक्रेट एजंट आहे का? माझा फ्रेंड्सना सांगू?’’

मी लिहिलं. बियांचं मागणं, आणि वेराबाईंनी सांगितलेलं एकच वाक्य: माझी शेजारीण म्हणते, पेरण्याआधी बिया डोक्याच्या रुमालाच्या टोकात बांधून तीन दिवस कोमट पाण्यात ठेवाव्यात. ती त्यांच्या आईची रीत होती. नीना जिवंत असेल, त्याच गावात असेल, तर ओळखेल. नसेल तर कुणा परक्या बाईच्या हाती बागकामाची चौकशी पडेल, एवढंच.

उन्हाळा गेला, चेरीची पानं गळली. वेराबाई पोस्टमनच्या वेळेला कुंपणाशी येत आणि उगाच वाफा खुरपत राहत. आणि एके दिवशी मृणाल दारातूनच ओरडली, ‘‘आई, तुझा लेटर आली, रशियावरून!’’ पाकिटात कागदाची त्रिकोणी घडी होती. युद्धकाळात तिकडे लिफाफे नसत, तेव्हा पत्रं अशीच घडी घालून जात. घडीत शेपूच्या बिया, आणि दोन ओळी. ‘रुमाल बांधायचं काम थोरलीचं होतं, पाणी बदलायचं माझं. तुमच्या शेजारणीला सांगा, पाणी मी अजून बदलते.’

मी वाचून दाखवलं. वेराबाई खाली बसल्या, आमच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर, आणि बिया ओच्यात घेऊन रडल्या. मीही रडले. चहा आटून गेला.

आता स्वतःच्या नावाने लिहा, मी म्हणाले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पुढली कित्येक वर्षं दोन बहिणींची पत्रं माझ्या नावाने येत-जात राहिली. एका नाताळला टीव्हीवर तो लाल झेंडा उतरताना आम्ही एकत्र पाहिला. मी टाळ्या वाजवणार तोच वेराबाई उठल्या आणि आमच्या खिडकीचा पडदा ओढून आल्या. राज्य बुडालं, पण त्याने पेरलेलं भय त्यांच्या हाडांत तसंच होतं! हे सगळं मी अण्णांना कळवत होते. ज्यांनी आयुष्यभर त्या देशाच्या जयजयकारात मुठी उंचावल्या, त्यांना काय वाटत असेल? त्यांनी वाद घातला नाही. एका पत्रात एवढंच आलं: ‘तुझं रशियन एका माणसाच्या उपयोगी पडलं. बरं झालं.’

मग नीनाचं पत्र आलं. प्रकृती ढासळली होती. ‘दर वेळी त्या भल्या भारतीय बाईचं नाव वाचते. जाण्याआधी एकदा तुझं वाचायचं आहे.’

आठवडाभर वेराबाई वाफ्यातसुद्धा दिसल्या नाहीत. मग एका सकाळी लिफाफा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘‘पेटीपर्यंत बरोबर येशील?’’ लिफाफ्याच्या मागे मोठ्या, शाळकरी अक्षरांत त्यांचं जन्माचं नाव होतं. तिकडेही आपल्यासारखंच नावाच्या मधोमध वडलांचं नाव असतं. दोन गाईंपायी नेलेला तो बाप, पन्नास वर्षांत ज्याचा उच्चार झाला नव्हता तो, मुलीच्या नावात मधोमध बसला होता. पोस्टाच्या लाल पेटीशी त्यांनी हात आत घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. मी त्यांच्या कोपराला धरून उभी राहिले. मग पत्र पडल्याचा आवाज आला. ‘‘पोहोचेल ना?’’ त्यांनी विचारलं. महिन्याभराने कळलं, पोहोचलं. नीनाने तो लिफाफा उशाशी ठेवला होता.

वेराबाईंनी पत्र पेटीत टाकलं त्या दिवशी घरी येऊन मी आधी शेपू चिरायला घेतला, मग तसाच टाकून अण्णांना पत्र लिहायला बसले. त्यांची श्रद्धा चुकली होती. पण त्या श्रद्धेपायीच माझ्या पदरात पडलेल्या भाषेने दोन बहिणी जोडल्या होत्या. याबद्दल त्यांचे आभार मी कधी मानले होते? त्या दिवशी मानले, अगदी सरळ शब्दांत. शेवटी पत्राची घडी घातली आणि पाठवणाऱ्याच्या जागी, लग्नानंतर पहिल्यांदाच, माहेरचं पूर्ण नाव लिहिलं. मधे अण्णांचं नाव, सावकाश, सुवाच्य. कागदाला शेपूचा वास लागला होता. तो मी तसाच राहू दिला.