जपानी मेनू

ताईला सातवा महिना होता. डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत पडून राहायला सांगितलं, म्हणून ती लाखांदूरहून माहेरी आली होती. सासरी दिवसभर पायांवर उभी असणारी ही बाई आमच्या लाखनीच्या घरात खिडकीपाशी पडून हायवेवरचे ट्रक बघायची आणि साऱ्यांवर चिडायची. तिचा वेळ जावा म्हणून मी नागपूरहून हातात धरून खेळायचा एक जुना गेम कन्सोल आणला. सुरू केला, तर सगळा मेनू जपानी. वर, आपल्याकडे मिळणारे गेम तो घेईचना.

"आता हे कोन वाचनार?" ताई म्हणाली.

आतलं सॉफ्टवेअर बदलणं एवढाच इलाज होता. ते कसं करायचं हे सांगणारे इंटरनेटवर ढीगभर, आणि प्रत्येकाचं वेगळंच. तीन दिवस मला चैन नव्हती. दुकानात गिऱ्हाइकासमोर साडी उलगडतानाही डोक्यात तेच. शेवटी दोन उरले. एक हिंदी व्हिडिओ, दहा मिनिटांत 'हो गया' म्हणणारा. दुसरं एका वेबसाइटवरचं साधं इंग्रजी पान, वाचता वाचता जीव जाईल इतकं लांब. मला अर्थातच व्हिडिओ हवा होता.

"मधातच बंद पडलं तं काय करायचं, सांगते का तो?" ताईनं विचारलं.

व्हिडिओ पुन्हा पाहिला. नव्हतं सांगितलं. खाली चार जणांनी नेमकं हेच विचारलं होतं, उत्तर एकालाही नव्हतं. पानावर मात्र पहिलीच सूचना होती: मॉडेल नंबर जुळत नसेल तर इथंच थांबा. मग, आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवा. आणि प्रत्येक पायरीखाली, अडलात तर काय करायचं ते.

"हाच," ताई म्हणाली. "यानं कोनाचं तरी बिघडलेलं पाह्यलं हाये."

दुपारी बसलो. नक्कल निघायलाच दीड तास गेला. तेवढ्यात मी चारदा उठून दारापर्यंत जाऊन आलो. शेवटच्या पायरीला स्क्रीन काळा झाला. दहा मिनिटं लागतात, काही दाबू नका, असं पानावर होतं. दहा झाली. बारा झाली. माझा अंगठा बटणाकडे गेला तसं ताईनं मनगट धरलं.

"कायले हात लावून राहिला? थांब न."

"पन दहा तं होऊन गेले!"

"मंग? त्यानं बंद कर म्हटलं का?"

नव्हतं म्हटलं. सतराव्या मिनिटाला इंग्रजी अक्षरं उमटली. ताईनं हात सोडला तेव्हा मनगटावर तिच्या बोटांचे वळ होते.

ती दोन महिने खेळली, मग भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. त्या धावपळीनंतर मी ते पान पुन्हा उघडलं. चूक दिसली तर कळवा, असं तळाशी लिहिलं होतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी कळवलं, आमच्याकडे सतरा मिनिटं लागली. उत्तर आलं नाही. आठवड्यानं पाहिलं, तर त्या पायरीपुढे दहाच्या जागी वीस मिनिटं केली होती.