सकाळच्या वर्गाला खोली

आमच्या उल्हासनगरच्या कॉलेजात टाइमटेबल कमिटीत कागदावर पाच माणसं होती आणि काम करणारी मी एकटी. बाकीचे चौघे फक्त सांगायला. एकाला शनिवारी पहिला तास नको, कारण तो लांबून येतो. एकीला दुपारी एकनंतर काही नको, कारण मुलगी शाळेतून येते. एकाला तिसरा मजलाच नको. अहो, मग शिकवता तरी कशाला, असं एकदा माझ्या तोंडून गेलं, तर आठवडाभर स्टाफरूममध्ये कोणी माझ्याशी धड बोललं नाही. मला काय, मीही नाही बोलले.

त्या वर्षी कॉलेज उघडायच्या आधी मागच्या इमारतीत स्लॅब कोसळला. सुट्टी होती म्हणून कोणाला लागलं नाही. आमच्या गावात स्लॅब पडल्याचं कोणाला नवल नाही, पण यावेळी इंजिनिअर आले, भिंती ठोकून बघितल्या आणि दारावर 'धोकादायक' अशी नोटीस चिकटवून गेले. मागची इमारत बंद. खोल्या निम्म्या झाल्या, मुलं तेवढीच.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कसंही करून बसवा." जशी काही मी पिशवीत भाजी बसवत होते!

बसवायला बसले तर सकाळची पाळी काही केल्या मावेना. सायन्सवाल्यांना लॅब सकाळीच हव्या. कॉमर्सचे वर्ग भलेमोठे. जादा फीचे कोर्स म्हणजे तर जावईच, त्यांना हात लावायचा नाही. उरलं कोण? बीएचं तिसरं वर्ष. माझाच इतिहासाचा वर्ग. बीए म्हणजे घरातली गरीब सून, कुठेही सरकवा, तोंडातून शब्द काढायची नाही. सगळ्यांनी मिळून तिला दुपारी सरकवलं.

कच्चं टाइमटेबल लागलं त्याच दिवशी एक मुलगी मला जिन्यात गाठून उभी राहिली. चामटोली गावातून यायची. सकाळी वर्ग करायची आणि अकरा वाजता कापडाच्या मार्केटात काउंटरवर उभी राहायची. तिच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. सरकारी भरतीच्या परीक्षेला बसायचं तर पदवी लागते, म्हणून तिला ती हवी होती, आणि आता एकच वर्ष राहिलं होतं.

"मॅडम, दुपारी नाही जमणार मला."

"सेठला विचारून बघ ना, सकाळी काम, दुपारी कॉलेज."

"विचारलं. तो बोलला, बेटा, टाइम तेरा मेरा नहीं, कस्टमर का है."

"मग नोकरी सोड," असं मी म्हणणार होते. नाही म्हणाले, बरं झालं. तिच्या पगारावर घरात काय काय चालतं ते मला ठाऊक होतं. आणि ती काय एकटी होती? कोणी जीन्सच्या कारखान्यात, कोणी मेडिकलवर, कोणी कुरिअर वाटायचा. अर्धाअधिक वर्ग सकाळी शिकून मग कामाला पळणारा.

मग मी हात पसरत फिरले. कॉमर्सच्या सरांना म्हटलं, एक खोली द्या, फक्त सकाळची. ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्याच मुलांना बाकं कमी पडतायत." खोटं नव्हतं ते, म्हणून जास्तच राग आला.

कॉलेजपासून पाच मिनिटांवर आमचं बुद्धविहार आहे. हॉल मोठा, पंखे आहेत, सकाळी वंदना झाली की रिकामा. विहाराच्या कमिटीतल्या काकांना विचारलं तर ते जवळजवळ रागावलेच. "पोरांच्या शिक्षणाला आपण नाही म्हणायचं होय? उद्यापासून आणा." मी तशीच प्राचार्यांकडे गेले. आता झालंच काम, असं धरून चालले होते.

"कॉलेजच्या आवाराबाहेर वर्ग? नियमात नाही बसत. काही झालं तर जबाबदार कोण?"

"सर, इथे स्लॅब पडला तेव्हा कोण होतं जबाबदार?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दुसऱ्या दिवशी पक्कं टाइमटेबल लागलं, बीए दुपारी, खाली माझी सही.

सुरुवातीला ती चामटोलीची मुलगी दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी यायची आणि आठवड्याभराचं मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. मग हजेरी कमी पडल्याचा मेसेज घरी गेला. मग तीच यायची थांबली. तिच्यामागे एकेक करत बाकीचे. पाऊस संपेपर्यंत भल्यामोठ्या खोलीत पुढच्या दोन बाकांवर मोजकी पोरं, आणि मी त्यांना औद्योगिक क्रांती शिकवतेय, गिरणीतले कामगार किती तास राबायचे वगैरे. माझी मलाच चीड यायची. परीक्षेला ती बसली नाही.

दिवाळीनंतर नवीन सहामाहीचं टाइमटेबल करताना ऑफिसशेजारची एक लहानशी खोली माझ्या ध्यानात आली. मोडकी टाइपरायटरं ठेवलेली, सकाळी रिकामीच. आमचा उरलेला वर्ग तिथे आरामात मावत होता. कोणाचा विरोध नाही, प्राचार्यांचीही हरकत नाही. वर्ग पुन्हा सकाळी आला. मला, खरं सांगते, लहान मुलीसारखा आनंद झाला. त्याच दुपारी मी तडक तिच्या दुकानात गेले.

काउंटरवर ड्रेस मटेरियलचा ढीग पडला होता आणि ती घड्या घालत होती. आधीपेक्षा वाळली होती. मला बघून तिने पटकन स्टूल पुढे केलं.

"अगं, वर्ग सकाळी झाला! उद्यापासून ये. राहिलेले पेपर नंतर देता येतील, मी बघते सगळं."

"आता कसं येणार मॅडम? सेठने चावी माझ्याकडे दिलीय. सकाळी माल येतो, दुकान मीच उघडते. पगारपण वाढवला." मग म्हणाली, "कुठली खोली मिळाली?"

मी सांगितलं.

"ती तर रिकामीच असायची. मग तेव्हा का नाही दिली?"

"तेव्हा तुम्ही सगळे होतात गं. एवढीशी खोली, एवढी माणसं कशी मावणार?"

तिने हातातली घडी पुरी केली, वरून हात फिरवला आणि ढिगावर ठेवली.

"म्हणजे आम्ही गेलो, तेव्हा जागा झाली," ती म्हणाली. चिडून नाही, हिशेब कळल्यासारखं.

मी हो म्हणाले.