न पाठवलेल्या पत्रांचा गठ्ठा

पुण्यात मी एका संस्थेत बारा वर्षं मोडी कागद वाचले. नवऱ्याला ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो, तेव्हा माझ्या त्या विद्येचा इथे काय उपयोग, असं मला वाटायचं. दोन वर्षं घरात काढल्यावर एका लहानशा आर्काइव्हमध्ये पार्ट-टाइम जागा निघाली. जुनं हस्ताक्षर वाचता येतं का, असं इंटरव्ह्यूत विचारलं. मी म्हटलं, लेखणी न उचलता सबंध ओळ लिहिणाऱ्या माणसांचे कागद मी वाचलेत. जागा मिळाली.

पहिल्याच सप्टेंबरात त्या बाई आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, काठी टेकत, रेनकोटाची सगळी बटणं लावलेली. टॅक्सीवाल्यानं तीन लाकडी पेट्या काउंटरपाशी आणून ठेवल्या. पेट्यांत त्यांच्या खापरपणजोबांचे कागद होते. तो गृहस्थ अमेरिकन. आधी एका लहान गावात वकील, मग त्यांच्या यादवी युद्धात पलटणीचा कर्नल, आणि युद्धानंतर राजकारणात शिरून पार वॉशिंग्टनपर्यंत पोचलेला. त्याच्या धाकट्या मुलीनं पूल बांधायला आलेल्या एका इंग्रज इंजिनिअरशी बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि ती ब्रिस्टलला आली. बाप मेल्यावर थोरल्या बहिणीनं या पेट्या इकडे पाठवून दिल्या. त्यानंतर चार पिढ्या त्या माळ्यावर पडून होत्या, कारण ते अक्षर कुणालाच लागत नव्हतं. कागद वाचवायला तो एकदा आडवं लिहायचा आणि मग तोच कागद फिरवून त्यावर उभं लिहायचा.

बाईंनी कागद दान केले, पण एक गोष्ट विचारून ठेवली. "माझी आजी सांगायची, त्यानं तिच्या आईला पुन्हा कधीही पत्र लिहिलं नाही. ते खरं आहे का, तेवढं मला कळवाल?"

मी हो म्हटलं.

पहिल्या आठवड्यात आम्ही कुठल्याही पेटीतले कागद फक्त वरवर तपासतो. ओल आहे का, बुरशी आहे का, कसर लागली आहे का. तिसऱ्या पेटीच्या तळाशी, कोर्टाच्या कागदांना बांधतात तशा गुलाबी फितीनं बांधलेला एक चपटा गठ्ठा होता. वरच्या कागदावर त्याच्याच अक्षरात एवढंच लिहिलं होतं. न पाठवलेली. मी तो वाचला, यादीत नोंदला आणि गठ्ठा होता तिथे ठेवला. माझ्या वरिष्ठ बाई शिस्तीच्या होत्या. कागद ज्या क्रमानं आलेत त्याच क्रमानं उघडायचे, मध्येच उडी मारली की घोळ होतो, असं त्यांनी मला बजावलं होतं. मी नवी होते. या देशातली माझी पहिली नोकरी होती.

मग मी पहिल्या पेटीपासून सुरुवात केली. वकिलीच्या कागदांत बांधाचे तंटे, चोरलेले घोडे, एका विधवेचं मृत्युपत्र. दुसऱ्या पेटीत युद्ध. छावणीतला चिखल, जुलाबानं आडवी झालेली पोरं, फाटके बूट. आणि मेलेल्या शिपायांच्या आईबापांना त्यानं लिहिलेल्या पत्रांच्या नकला. त्या वाचताना मला पेन्सिल खाली ठेवावी लागे. तुमचा मुलगा शेवटी काय बोलला, त्याला कुठल्या झाडाखाली पुरलं, त्याच्या खिशात काय होतं, हे सगळं तो इतक्या मायेनं लिहायचा की अशा माणसानं स्वतःच्या लेकीला एक ओळ लिहिली नसेल हे मला खरं वाटेना. तरीही मी तिसऱ्या पेटीला हात लावला नाही.

डिसेंबरात बाई बसनं आल्या. त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून मी शेजारी बसून युद्धातली दोन पत्रं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. त्या खूश झाल्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"अजून तरी काही सापडलं नाही," मी म्हटलं.

त्यांनी काठी हातात घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे नाहीच लिहिलं त्यानं. माझा मुलगा केंब्रिजला असतो. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. म्हाताऱ्यानं लिहिलं असेल तर आपणही लिहावं, असं मनाशी ठरवलं होतं. पण आमच्या घराण्यात ते नसावंच."

हे त्या हसून म्हणाल्या. मला तेव्हा एवढंच सांगायचं होतं, की एक गठ्ठा आहे, त्यावर असं असं लिहिलंय, मी तो अजून उघडलेला नाही. दोन वाक्यं. पण उगाच आशा लावायची आणि आत दुसरंच काही निघायचं, अशी भीती वाटली. शिवाय आधी का नाही उघडला, असं त्यांनी विचारलं असतं. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. बस येईपर्यंत आम्ही त्यांच्या ग्रीनहाउसमधल्या टोमॅटोंबद्दल बोललो.

गठ्ठ्याची पाळी एप्रिलमध्ये आली. आत पाच पत्रं होती, पाचही धाकट्या मुलीला. पहिलं वकिलाचंच होतं, मुद्दे घालून, तिची चूक कुठे झाली ते सिद्ध करणारं, आणि चौथ्या मुद्द्यावर तुटलेलं. पुढची आखूड होत गेली होती. शेवटच्यात राग उरला नव्हता. तिनं लहानपणी लावलेल्या नाशपातीला यंदा पहिल्यांदा फळ धरलं, ते त्यानं एकट्यानं खाल्लं, इतकंच होतं. आणि खाली, तू आधी लिही, मला जमत नाही.

मी त्याच दिवशी बाईंना पत्र टाकलं. उत्तर त्यांच्या मुलाकडून आलं. आई फेब्रुवारीत गेली, तो घर आवरतोय, कागद बघायला येऊ का.

तो मे महिन्यात आला. साठीचा, उंच, आईसारखाच रेनकोट गळ्यापर्यंत बंद केलेला. मी पाचही पत्रं लावून दिली आणि शेजारी माझी नक्कल ठेवली. त्यानं सगळी वाचली, शेवटचं दोनदा. मग विचारलं, "हे तुम्हाला कधी सापडलं?"

"एप्रिलमध्ये," मी म्हटलं.

"म्हणजे आई गेल्यावरच. तसाही उशीरच झाला असता."

मी मान हलवली. मी खोटं बोलले नव्हते, आणि खरंही सांगितलं नव्हतं. तो पुढे बोलत राहिला. भांडण कशावरून झालं ते सांगायची आता लाज वाटते, म्हणाला. आणि आई हट्टी होती, तिनं कधीच लिहिलं नसतं, असंही म्हणाला. तेवढं मात्र मला ऐकवेना. मी सांगितलं, की त्या तुम्हाला लिहिणार होत्या, मला तसं म्हणाल्या होत्या.

त्यानं नक्कल खाली ठेवली. "कधी?"

"डिसेंबरात."

तो उठून खिडकीपाशी गेला. "ख्रिसमसला मी केंब्रिजला घरीच होतो," एवढंच म्हणाला. मग लिहिलं का नाही तिनं, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. आता तेही समजावत नाही. त्यानं पत्रांच्या कॉपी घेतल्या, माझे हात हातात घेऊन आभार मानले आणि स्टेशनला जायला निघून गेला.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तू नियमानं काम केलंस. सगळं आधी उघडत बसलीस तर कशाला ठेवतील तुला?" दुसऱ्या दिवशी वरिष्ठ बाईंना सांगितलं, तर त्यांनीही तेच सांगितलं. फक्त नंतर चहा ओतताना त्या म्हणाल्या, "मला विचारलं असतंस, तर मी उघड म्हटलं असतं." विचारायचं मला सुचलंच नव्हतं, कारण नियम माझ्या सोयीचा होता.

त्या मुलानं जूनमध्ये ईमेल पाठवली. आईच्या टेबलात त्याच्या नावाचं पाकीट निघालं होतं, वर केंब्रिजचा पत्ता, तिकीट लावलेलं. आत काही नव्हतं. याचा अर्थ काय समजायचा, असं त्यानं मला विचारलं होतं, मी जुने कागद वाचणारी म्हणून. मी दोन दिवसांनी लिहिलं, की त्यांची लिहायची तयारी होती, असाच समजा. गठ्ठा मी सप्टेंबरातच पाहिला होता, हे त्याही ईमेलमध्ये लिहिलं नाही.