शपथेवर लिहिलेलं वावर

दारव्ह्याच्या तहसीलीत, व्हरांड्यात, उमेदवारी अर्जाच्या रांगेत, मालकानं माझ्या हातातून शपथपत्र ओढून घेतलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लागला.

"दोन बकऱ्या. एक सिलाई मशीन, जुनी. वा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "राखीव जागा सोडून इकडं काहून आली वं?"

माणसं हसली. पंचायत समितीची जागा खुली होती, मालकही तिथूनच उभा होता. लोकांच्या हसण्याची मला सवय होती. पण शेजारी माझा बा होता, जन्मभर मालकाच्या घरी सालावर राबलेला सालदार. मालक हसला म्हणून तोही हसला. हात जोडून. ते मला आजही सलतं.

मालकानं पान उलटलं आणि त्याचं हसू गेलं.

"हे नाल्याकाठचं वावर कायले लिवलं?"

"सातबारा बाच्या नावचा हाये. बा माह्याच भाकरीवर जगते. त्याचं बी लिवा लागते."

सीलिंगच्या कायद्याच्या वेळी जास्तीची जमीन सरकारजमा होऊ नये म्हणून मालकाच्या बापानं ते वावर सालदाराच्या नावावर चढवलं होतं. नाव आमचं, कापूस त्यांचा. मी तिथं मजुरीनं वेचायला जायची. भाव पडला की पहिली आमची वेचाई कमी व्हायची. सीतादहीला, पहिल्या वेचणीच्या दिवशी, मालकीण कापसाच्या पऱ्हाटीची पूजा करायची आणि आम्ही बाया धुऱ्यावर, बांधाशी उभ्या.

"ते वावर माहं हाये," मालक म्हणाला.

"मंग तुमच्या शपथपत्रात लिवा."

त्याला ते लिहिता येत नव्हतं. लिहिलं असतं तर बापाची चोरी उघडी पडली असती. तो बाकडे वळला. "सांग तुह्या पोरीले. खोडाले लाव."

बा मला म्हणाला, "खोडून टाक, बाई. त्याहिचं मीठ खाल्लं आपण."

मालकाचा राग आलाच, बाचा त्याहून जास्त आला.

"त्याहिनं आपलं खाल्लं, बा," मी म्हटलं. मालकाच्या हातातून कागद घेतला, आत गेले आणि साहेबाच्या टेबलावर ठेवला.

निवडणूक हरले. तेव्हापासून गावात मला कुणी कामाला बोलावत नाही. बा बोलत नाही. बोलेल तेव्हा बोलेल.

येत्या पेरणीला त्या वावरात पऱ्हाटी मी लावणार आहे. ज्याला अडवायचं असेल त्यानं आधी शपथेवर लिहून द्यावं, की वावर त्याचं आहे.