कारखान्यातलं गोड पाणी

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात रंगांसाठी लागणारी रसायनं बनतात. उरलेलं घाण पाणी उकळतात, वाफ थंड करून पाणी परत मिळवतात, तळाशी राहिलेलं मीठ पोत्यांत भरतात. मिळालेलं पाणी यंत्रं थंड करायला पुन्हा वापरतात. त्याचे नमुने तपासणं हे माझं काम. मी अमरावतीची, नोकरीत नवीन. जितकं कमी बोलावं लागेल तितकं मला बरं.

आमच्याकडे साफसफाई करणाऱ्या मावशी तेल्हाऱ्याच्या वाटेवरच्या, खारपाणपट्ट्यातल्या. त्यांच्या गावात विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. तिकडची माणसं पाणी जिभेवर ठेवून निकाल देतात. खारट नाही, म्हणजे चांगलं. पाहुणे आले की साहेबही कारखान्यात परत मिळवलेल्या पाण्यात मीटर बुडवून आकडा दाखवत आणि बाटलीतल्यापेक्षा साफ आहे म्हणत. मावशी तिथेच फरशी पुसत असायच्या.

मीटर फक्त क्षार मोजतं. रसायनं बनवताना वापरलेलं टोल्युइन, एक विषारी द्रावक, त्याला दिसत नाही. ते आम्ही आधीच काढून घेतो, पण थोडंफार वाफेबरोबर जातंच. कधी कधी त्या पाण्याला पेट्रोल पंपासारखा हलका वास येतो. यंत्रांना त्याने फरक पडत नाही.

एकदा सुटी झाल्यावर मावशी गेटपाशी कॅन घेऊन उभ्या दिसल्या. मी नुसतं कॅनकडे पाहिलं, तर त्याच सांगू लागल्या. पोरगी बाळंतपणाला आलीय, सातवा लागलाय, गावचं पाणी तिच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून प्लांटवरून रोज भरून नेतात. हे पाणी पिण्याचं नाही, असं मी म्हणाले. त्या हसल्या.

"मॅडम, तुमाले एवढं शिकवलं, पन पान्याची चव नाई शिकवली. चाखून तं पाहा."

मग मी मीटरचं आणि वासाचं सगळं सांगितलं. एवढं सलग मी तिथे कधीच बोलले नव्हते. मावशी गेटच्या कट्ट्यावर बसल्या.

"मंग इतके दिवस पेली, त्याचं काय? पोटातल्याले काई होईन का?"

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं, आणि डॉक्टरांना विचारा म्हणाले.

"काय सांगू त्याइले? मले त्याचं नाव बी घेता येत नाई. तुमीच चाला."

त्यांनी कॅन गटारात उपडी केली. तशीच रिकामी कॅन घेऊन त्या बसमध्ये चढल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सुटीचं कारण विचारलं, तेव्हा मी घरचं काम आहे म्हणाले. दवाखान्यात मावशींची मुलगी माझ्यापेक्षाही लहान निघाली. डॉक्टरबाईंनी कुठलं पाणी विचारलं आणि दोघी मायलेकी माझ्याकडे बघू लागल्या. मी कारखान्याचं नाव घेतलं, टोल्युइनचंही, आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलत गेले. डॉक्टरबाईही इंग्रजीतच उत्तरल्या. रोज किती गेलं ते कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही. सोनोग्राफी करू, पण तिच्यातही सगळं दिसेलच असं नाही.

आम्ही थांबलो तेव्हा मुलीने माझी ओढणी धरली होती.

"ताई, काय म्हनल्या त्या?"

डॉक्टरबाई कागदावर लिहीत होत्या. मी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि तेच पुन्हा मराठीत सांगायला लागले.